७६.२३ चा अर्थ: अमेरिकेतील विधी महाविद्यालयांचे प्रवेश, वंश आणि न्याय

१९७१ साली मार्को डीफ्युनिस नावाच्या तरुणाने सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात अर्ज केला आणि तो नाकारला गेला. त्याच्या अर्जावर महाविद्यालयाने एक आकडा काढला होता: ७६.२३. पदवीचे गुण आणि प्रवेश परीक्षेचे गुण एका सूत्रात घालून, हा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या अखेरीस साधारण किती गुण मिळवील, याचा तो अंदाज होता. ज्यांचा अंदाज ७७ च्या वर असे, त्यांचे अर्ज आल्या आल्या विचारात घेतले जात, ७४.५ च्या खालचे बहुतेक अर्ज बाजूला पडत. आणि मधले अर्ज नंतरच्या तुलनेसाठी ठेवले जात. डीफ्युनिस मधल्या गटात होता. कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे, मूळ अमेरिकन आणि फिलिपिनो अर्जदारांचे अर्ज मात्र वेगळे काढून त्यांची तुलना आपापसांत केली गेली होती. त्यांतून ज्या ३७ जणांना प्रवेश देऊ केला गेला, त्यांपैकी ३६ जणांचा आकडा डीफ्युनिसच्या आकड्यापेक्षा कमी होता. डीफ्युनिसने दावा लावला आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

ही हकीकत बहुतेक वेळा इथपर्यंतच सांगितली जाते. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९७४ च्या आपल्या भिन्नमतात जे आकडे नोंदवून ठेवले आहेत, ते पुढे वाचले की चित्र बदलते. अल्पसंख्याक गटांत न मोडणाऱ्या ४८ अर्जदारांनाही डीफ्युनिसपेक्षा कमी आकडा असताना प्रवेश मिळाला होता, आणि त्यांपैकी २३ जण सैन्यातील सेवा संपवून परतलेले होते. उलट, ज्यांचा आकडा डीफ्युनिसपेक्षा अधिक होता, अशा २९ बिगर-अल्पसंख्याक अर्जदारांना प्रवेश नाकारला गेला होता. म्हणजे त्या महाविद्यालयात आकड्यांच्या उतरत्या क्रमाने प्रवेश मुळातच दिले जात नव्हते. तरीही वादाचा विषय झाली ती फक्त ३६ माणसे. ४८ जणांविषयी कोणी दावा लावला नाही. हा विषय समजून घ्यायचा असेल, तर या दोन आकड्यांमध्ये काय फरक आहे आणि काय नाही, हे नीट पाहावे लागते, कारण त्या फरकाला दोन्ही बाजूंकडे प्रामाणिक उत्तरे आहेत.

आपल्याकडील वाचकासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. महाराष्ट्रात सीईटी होते, गुणवत्ता यादी लागते, फेऱ्या होतात, आणि कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा हे कायद्याने ठरलेले असते. अमेरिकेत यांपैकी काहीच नाही. तिथे चार वर्षांची पदवी घेतल्यानंतर विद्यार्थी तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाकडे वळतो, एलसॅट नावाची परीक्षा देतो आणि प्रत्येक महाविद्यालयाकडे वेगळा अर्ज करतो. तिथली समिती गुण, निबंध, शिफारसपत्रे, कामाचा अनुभव असे सगळे एकत्र वाचून निर्णय घेते. राज्यव्यापी यादी नाही आणि राखीव जागाही नाहीत. १९७८ साली अ‍ॅलन बाकी नावाच्या अर्जदाराच्या खटल्यात, कॅलिफोर्नियातील एका वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा बाजूला ठेवल्या होत्या, ती पद्धत न्यायालयाने मोडीत काढली आणि वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घ्यायला मात्र वाव ठेवला. त्यामुळे ‘आरक्षण’ हा शब्द अमेरिकेला लावला की गफलत होते.

आता वंशाचा प्रश्न इथे आलाच कसा? एलसॅट पहिल्यांदा घेतली गेली फेब्रुवारी १९४८ मध्ये. त्याच सुमारास टेक्सासमध्ये हेमन स्वेट या कृष्णवर्णीय गृहस्थांचा खटला चालू होता. त्यांनी १९४६ साली टेक्सास विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात अर्ज केला होता आणि तो केवळ ते कृष्णवर्णीय आहेत म्हणून फेटाळला गेला होता; कोणत्याही परीक्षेत कितीही गुण मिळवले असते, तरी फरक पडला नसता. दावा लागल्यावर राज्याने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी महाविद्यालय उभे केले. न्यायालयाने दोन्हींची तुलना केली: एकीकडे १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी आणि ६५,००० हून अधिक ग्रंथांचे ग्रंथालय, दुसरीकडे ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी आणि सुमारे १६,५०० ग्रंथ. १९५० साली न्यायालयाने स्वेट यांच्या बाजूने निकाल दिला, पण पुस्तके मोजून ते थांबले नाही. राज्याच्या लोकसंख्येतील ८५ टक्के लोक ज्या वंशगटांचे आहेत, आणि ज्यांच्यातूनच बहुतेक वकील, साक्षीदार, ज्यूरीचे सदस्य आणि न्यायाधीश येणार आहेत, त्यांना वगळलेल्या वर्गात बसून कोणाला वकिली शिकता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. विधी महाविद्यालय म्हणजे निव्वळ वर्ग आणि पुस्तके नव्हेत, उद्या ज्यांच्याशी काम पडणार आहे त्या माणसांचा सहवासही शिक्षणाचा भाग आहे, हा विचार पुढच्या पन्नास वर्षांच्या सगळ्या वादांच्या मुळाशी आहे.

मग एलसॅट नेमके काय मोजते? कायद्याचे ज्ञान तर मुळीच नाही. अवघड उतारा वाचून त्यातील युक्तिवाद उकलणे, एखाद्या निष्कर्षातील उणीव शोधणे, ही कौशल्ये ती घड्याळ लावून तपासते. जून २०२४ पर्यंत तिच्यात तर्ककोड्यांचा एक विभागही होता. गुण १२० ते १८० या पट्टीवर दिले जातात. परीक्षा घेणारी संस्था स्वतःच सांगते की मिळालेल्या गुणांच्या सुमारे तीन गुण खाली आणि तीन गुण वर असा पट्टा धरावा, कारण तोच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी बसला तर गुण तेवढे हलू शकतात. १६१ म्हणजे १५८ ते १६४ च्या दरम्यान कुठेतरी. गुणांतील किरकोळ फरकाला अवाजवी महत्त्व देऊ नका आणि केवळ कट-ऑफ लावून अर्ज बाद करू नका, असेही ती महाविद्यालयांना बजावते.

ही परीक्षा निरुपयोगी आहे, असे म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. एलसॅटचे गुण आणि विधी महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचे गुण यांच्यातील सहसंबंध साधारण ०.४ च्या आसपास येतो. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बांधून चालतात याचे माप: ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत. या ०.४ चा वर्ग केला की ०.१६ येतो, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गुणांत विद्यार्थ्याविद्यार्थ्यांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे सहावा भाग एलसॅटवरून समजतो आणि पाच भाग समजत नाहीत. हे थोडे वाटते, पण एका दिवसाच्या परीक्षेसाठी ते कमी नाही. शिवाय एका महाविद्यालयात साधारण सारख्याच गुणांची मुले निवडलेली असल्याने हा संबंध आहे त्यापेक्षा फिका दिसतो. पदवीच्या गुणांची जोड दिली की अंदाज आणखी सुधारतो. दुसरी एक गोष्ट ऐकायला कडू आहे, पण सांगितली पाहिजे: एलसॅट कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची पुढची कामगिरी कमी लेखते, असे आकडेवारीत आढळत नाही, त्या अर्थाने परीक्षा पक्षपाती नाही. पण पहिल्या वर्षाच्या परीक्षाही एलसॅटसारख्याच घड्याळाशी शर्यत लावणाऱ्या असतात. विल्यम हेंडरसन या अभ्यासकाने २००४ साली दाखवले की वर्गात बसून ठरावीक वेळात लिहिलेल्या परीक्षेतील यश एलसॅट चांगले सांगते, घरी नेऊन लिहिलेल्या परीक्षेतील आणि प्रबंधातील यश त्या मानाने कमी. वेग हा वकिलीचा गाभा आहे का, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहतो.

आता या विषयातील सर्वांत अवघड भाग. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय परीक्षार्थींच्या एलसॅट सरासरीत दीर्घकाळ सुमारे १० ते ११ गुणांचा फरक राहिला आहे. साधारण १४२ आणि १५३. त्यामागे शाळांची विषमता, कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची मालमत्ता, शिकवणीचा आणि पुन्हा पुन्हा परीक्षा देण्याचा खर्च अशी कारणांची मोठी साखळी आहे. पण सरासरीतील फरक दिसतो त्याहून परिणाम कितीतरी मोठा का होतो, ते बहुतेक लेखांत कोणी समजावत नाही. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. दोन गट धरा, एकाची सरासरी १५३, दुसऱ्याची १४२. दोन्हींत गुणांची पसरण सारखीच, प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात याचे माप) ९, आणि आलेख घंटेच्या आकाराचा. एखाद्या महाविद्यालयाने १५० गुणांची रेघ मारली, तर पहिल्या गटातले सुमारे ६३ टक्के आणि दुसऱ्यातले सुमारे १९ टक्के तिच्या वर येतात, प्रमाण तिप्पट-साडेतिप्पट. आता रेघ १६५ वर न्या. पहिल्या गटातले सुमारे ९ टक्के उरतात आणि दुसऱ्यातले अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक. प्रमाण सुमारे सतरापट. सरासरीतील अंतर तेवढेच आहे, माणसे तीच आहेत, फक्त रेघ वर सरकली. म्हणूनच मधल्या फळीतील महाविद्यालयांना जो प्रश्न आटोक्यात ठेवता येतो, तो हार्वर्ड, येल, मिशिगन यांच्या दारात येऊन अक्राळविक्राळ होतो.

आणि ही रेघ वर ओढण्याचे काम गुणवत्तेपेक्षा क्रमवारीने अधिक केले. यू. एस. न्यूज या नियतकालिकाच्या क्रमवारीत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या एलसॅटचा मध्यक मोजला जातो. मध्यक म्हणजे सर्वांना उतरत्या क्रमाने उभे केल्यावर बरोबर मधोमध येणाऱ्याचे गुण. समजा मध्यक १७० ठेवायचा आहे; मग १७० चा विद्यार्थी महाविद्यालयाला वर ओढतो आणि १६९ चा खाली, जरी त्या दोघांतील फरक परीक्षेच्या स्वतःच्या चुकीच्या पट्ट्याच्या आत असला तरी. शिष्यवृत्तीचा पैसाही त्याच एका गुणामागे जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डच्या विधी महाविद्यालयांनी या क्रमवारीतून अंग काढून घेतले, त्यानंतर मोजणीची पद्धत काहीशी बदलली, पण मध्यकाची धास्ती गेलेली नाही.

या परिस्थितीत महाविद्यालयांनी काय केले? टेक्सासने जे केले, ते पाहिले की दुसऱ्या बाजूची तक्रार पोकळ नव्हती हे कळते. १९९२ साली तिथे पदवी आणि एलसॅट मिळून एक निर्देशांक काढला जाई. श्वेतवर्णीयांसाठी प्रवेश जवळपास नक्की समजण्याची पातळी होती १९९, तर कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकनांसाठी १८९; आणि जवळपास नकार समजण्याची पातळी अनुक्रमे १९२ आणि १७९. म्हणजे १९० निर्देशांकाचे दोन अर्ज टेबलावर ठेवले, तर एक बहुधा मंजूर आणि दुसरा बहुधा नामंजूर, आणि त्यांच्यातील फरक एवढाच की अर्जदाराने वंशाच्या रकान्यात काय लिहिले. अर्ज वंशानुसार रंगाच्या खुणांनी वेगळे केलेले होते, प्रतीक्षा याद्याही वेगळ्या होत्या. शेरिल हॉपवूड यांच्या दाव्यावर १९९६ साली संघराज्याच्या पाचव्या अपील न्यायालयाने ही पद्धत रद्द ठरवली. मला ती रद्द होणे योग्य वाटते. सैन्यातून परतलेल्या २३ जणांना दिलेली सवलत आणि रंगीत खुणेने वेगळा काढलेला अर्ज या दोन गोष्टी एक नाहीत, कारण अमेरिकेत वंशाच्या रकान्याचा वापर करूनच स्वेट यांना दारातून परत पाठवले गेले होते, आणि त्या रकान्याला सरकारने हात लावताना दहादा विचार करावा, हा आग्रह त्या इतिहासातूनच आलेला आहे.

पण पद्धत रद्द झाल्यावर १९९७ च्या पहिल्या वर्गात टेक्सासच्या त्या विधी महाविद्यालयात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी उरले. कॅलिफोर्नियातही त्याच काळात विद्यापीठाच्या धोरणाने वंशाचा विचार थांबला, आणि बर्कलीच्या विधी महाविद्यालयात त्या वर्षी एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला. त्यालाही प्रवेश आधीच्या वर्षी मिळालेला होता. ज्या टेक्सासच्या वर्गाविषयी १९५० साली स्वेट यांच्या निकालात ते वाक्य लिहिले गेले, त्याच वर्गाची ही स्थिती होती.

मिशिगन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचा खटला या दोन टोकांच्या मधला. बार्बरा ग्रटर यांचे पदवीचे गुण ४ पैकी ३.८ आणि एलसॅट १६१ होते. त्यांना आधी प्रतीक्षा यादीत ठेवून नंतर नकार दिला गेला. महाविद्यालयाकडे सुमारे ३,५०० अर्ज येत आणि वर्ग सुमारे ३५० जणांचा असे. प्रत्येक अर्ज समग्रपणे वाचून वंशाला एक घटक मानणे घटनेत बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. २००० सालच्या वर्गात अल्पसंख्याकांचे प्रमाण १४.५ टक्के होते आणि वंश विचारात घेतला नसता तर ते ४ टक्क्यांवर आले असते, अशी साक्ष खटल्यात झाली होती. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी निकालपत्रात अपेक्षा व्यक्त केली की २५ वर्षांनंतर अशा प्राधान्याची गरज उरणार नाही. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचा एक मुद्दा दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे: ज्या परीक्षेचे निकाल वंशानुसार असमान येतात हे महाविद्यालयाला ठाऊक आहे, तीच परीक्षा आपली प्रतिष्ठा टिकवण्यासाठी वापरायची आणि मग तिचा परिणाम झाकण्यासाठी वंशाचा आधार घ्यायचा, हे त्यांना मान्य नव्हते.

नाकारलेल्या अर्जदाराला वाटते की आपली जागा दुसऱ्याला गेली. हिशेब करून पाहिला, तर भावना आणि आकडा यांतील अंतर कळते. १,००० अर्ज आणि १०० जागा धरा. प्राधान्य मिळणाऱ्या गटाचे १०० अर्जदार आहेत आणि त्यांना १५ जागा मिळतात. उरलेल्या ९०० जणांत ८५ जागा, म्हणजे प्रत्येकाला ९.४ टक्के संधी. प्राधान्य काढले आणि १५ पैकी ११ जागा मोकळ्या झाल्या, तर ९०० जणांत ९६ जागा, म्हणजे १०.७ टक्के. नाकारले गेलेले ८१५ जण, जागा ११, आणि ती जागा आपलीच होती असे त्या ८१५ पैकी बहुतेकांना वाटते. यावर उत्तर असे दिले जाते की अन्याय टक्क्यांनी मोजायचा नसतो. वंशामुळे एकाच माणसाला वेगळी फूटपट्टी लावली, तरी तो अन्यायच. हे उत्तर मला खोडता येत नाही. फक्त तक्रारीचे खरे स्वरूप तत्त्वाचे आहे, हिरावलेल्या जागांच्या संख्येचे नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

प्राधान्याने ज्यांना आत घेतले, त्यांचेच नुकसान होते का, हा वेगळा प्रश्न रिचर्ड सँडर यांनी २००४ साली मांडला. कमी गुणांच्या विद्यार्थ्याला फार वरच्या महाविद्यालयात नेऊन बसवले की तो मागे पडतो आणि वकिलीच्या सनदेच्या परीक्षेत नापास होण्याचा धोका वाढतो, असा त्यांचा दावा होता. त्यांनी वापरलेली आकडेवारी १९९१ साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी पाहणीची होती. तीत सनदेची परीक्षा शेवटी उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण श्वेतवर्णीयांत ९६.७ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ७७.६ टक्के आढळले. दरी खरी आहे. कारणाबाबत मात्र अनेक संख्याशास्त्रज्ञांनी सँडर यांचा निष्कर्ष नाकारला, कारण वरच्या महाविद्यालयात पदवी पूर्ण होण्याची, कर्ज फिटेल अशी नोकरी मिळण्याची आणि ओळखींची शक्यताही वाढते. मिशिगनच्या १९७० ते १९९६ मधील माजी विद्यार्थ्यांच्या पाहणीत अल्पसंख्याक पदवीधर बहुतांशी सनद घेऊन स्थिरावलेले दिसले, आणि प्रवेशाच्या वेळचे गुण त्यांच्या पुढील उत्पन्नाचे किंवा कामातील समाधानाचे भाकीत करत नव्हते. मला मिशिगनचा पुरावा अधिक वजनदार वाटतो, पण ते एक महाविद्यालय आहे आणि ७७.६ हा आकडा देशाचा आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या प्रकरणात वंश हा स्वतंत्र घटक मानण्याची वाट बंद केली. ओकॉनर यांनी दिलेली २५ वर्षे पुरी व्हायला पाच वर्षे बाकी होती. या खटल्यात आशियाई-अमेरिकन अर्जदारांना झळ बसते हा युक्तिवाद मध्यवर्ती होता, आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढलेली मराठी मुलेही त्याच रकान्यात मोजली जात होती. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मात्र एक खिडकी उघडी ठेवली: वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, भेदभाव असो की प्रेरणा, हे अर्जदार निबंधात लिहू शकतो आणि त्यातून दिसणाऱ्या धैर्याचा वा नेतृत्वाचा विचार महाविद्यालय करू शकते. श्रेय त्या माणसाच्या अनुभवाला द्यायचे, वंशाला नाही. २०२४ साली हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला १९ कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. आदल्या वर्षी ४३ होते. देशभरातील एकूण संख्या तशी घसरली नाही. वर केलेला १५० आणि १६५ चा हिशेब इथे जसाच्या तसा उतरलेला दिसतो.

याहून वेगळा रस्ता शोधण्याचा एक गंभीर प्रयत्न बर्कलीत झाला. मार्जोरी शुल्ट्झ आणि शेल्डन झेडेक यांनी वकील, न्यायाधीश आणि पक्षकार यांना विचारून चांगल्या वकिलाचे २६ गुणविशेष ठरवले: पक्षकाराचे ऐकून घेणे, वाटाघाटी, ताण सहन करणे, लिहिणे, तथ्य शोधणे. मग एखाद्या अडचणीच्या प्रसंगात तुम्ही काय कराल, अशा प्रश्नांच्या चाचण्या तयार करून माजी विद्यार्थ्यांना दिल्या आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिल्या. एलसॅटने त्या २६ पैकी मोजक्याच गोष्टींचे भाकीत केले, तेही क्षीण. नव्या चाचण्यांनी त्याहून अधिक गोष्टींचे केले, आणि त्यांत वंशगटांमधील फरक फार थोडा होता. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पण क्रमवारीत त्या २६ गोष्टींना रकाना नाही. शरद ऋतूत अर्ज येऊ लागतात, समितीतील वाचक पहिली फाइल उघडतो, आणि निबंधाच्या आधी त्याच्यापुढे येतात ते पदवीचे गुण आणि एलसॅट.

डीफ्युनिसविषयी एक राहिले. खालच्या न्यायालयाच्या आदेशाने त्याला १९७१ मध्येच प्रवेश मिळाला होता. सर्वोच्च न्यायालयात निकालाची वेळ आली, तेव्हा तो तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात होता. म्हणून वादच उरला नाही असे म्हणत न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी प्रकरण निकाली काढले. ज्याच्याविषयी ७६.२३ हा अंदाज बांधून दार बंद केले होते, तो तोवर पदवीच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचला होता.